कागद, बाल्सा आणि मंगळाची स्वप्नं: भविष्यवेधी मॉडेल रॉकेटची पार्श्वभूमी

नाशिककराला रॉकेट आणि विमान काही नवं नाही. देवळालीला लष्कराचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे आणि ओझरला 1964 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना. मिग-21 आणि पुढे सुखोई-30 इथेच तयार झाली. हौसेनं घरी बांधायचं मॉडेल रॉकेट मात्र लष्करातून आलेलं नाही. त्याचा उगम अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका चपला-बुटांच्या दुकानात आहे.

नॉरफोक गावचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूचा नाद होता, तर त्यांचे भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेल्स करत आणि त्यांवर व्याख्यानं देत. त्या व्याख्यानांत दाखवायला म्हणून 1954 च्या सुमारास दोघांनी कागदी नळीचं हलकं रॉकेट केलं. इंजिन वेगळं, एकदाच वापरायचं. ते जळून गेलं की काढून दुसरं बसवायचं. रॉकेट पॅराशूटनं खाली येई आणि पुन्हा उडे.

1957 मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतली पोरं लोखंडी नळ्यांत मिळेल ते रसायन ठासू लागली. अपघात होत होते, बोटं जात होती. व्हाइट सँड्स या अमेरिकेच्या रॉकेट-चाचणी तळावर सुरक्षेचं काम पाहिलेले जी. हॅरी स्टाइन यांनी या धोक्याबद्दल स्पुटनिकच्या आधीच मासिकात लिहिलं होतं. ते वाचून कार्लाइल यांनी आपली रॉकेटं त्यांच्याकडे पाठवून दिली. धातूचा तुकडा नाही, घरी दारू ठासणं नाही: या दोन अटींवर हा छंद उभा राहिला, आणि मला त्याचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. स्टाइन यांना इंजिनं मोठ्या संख्येनं हवी होती. डेन्व्हरच्या एका फटाकेवाल्या कुटुंबातल्या व्हर्न एस्टिस यांनी दाबलेल्या हवेवर चालणारं यंत्र बनवलं. ‘मेबल’ हे त्याचं लाडकं नाव. काही सेकंदांत एक इंजिन तयार होई. आत आपल्या दिवाळीच्या बाणातलाच मसाला: सोरा, गंधक, कोळसा. फरक मोजमापाचा. इंजिनावर C6-5 असं छापलेलं असेल, तर C म्हणजे एकूण आवेगाची (जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ) पायरी, 6 म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये आणि 5 म्हणजे जोर संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकलं जाईपर्यंतचे सेकंद.

सुरुवातीची किटं साधी होती: एक नळी, एक टोक, तीन-चार फिन म्हणजे शेपटीचे पंख. चांद्रमोहिमांच्या काळात डिझाइनरांची कल्पना सुटली. एस्टिस कंपनीचं पाय पसरून उतरणारं ‘मार्स लँडर’ 1969 चं, तर लढाऊ अंतराळयानासारखं ‘इंटरसेप्टर’ 1971 चं. पण हवेला कल्पनेशी देणंघेणं नसतं. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबकेंद्राच्या (हवेचा सगळा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, साधारण नळीच्या एका व्यासाइतका तरी असावा लागतो. पुढे पंख लावले की दाबकेंद्र पुढे सरकतं, मग टोकात वजन भरावं लागतं. हे दाबकेंद्र कागदावर काढायची पद्धत जेम्स बॅरोमन यांनी 1966 मध्ये छंदवाल्यांपुढे मांडली. ती नसती तर अशा चित्रविचित्र आकारांचा बराचसा हिशेब अंदाजानंच झाला असता.

यानासारख्या या आकारांमुळेच फिनिशिंगला इतकं महत्त्व आलं. यान धातूचं दिसायला हवं, पण आहे कागद आणि बाल्सा हे हलकं लाकूड. बाल्साच्या रेषा रंगातून हमखास वर येतात; नळीवर कागद गुंडाळल्याची तिरपी खाचही दिसते. फिनवर सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचा) हात द्यायचा, वाळला की बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा हात, पुन्हा घासणं. नखाला रेष लागेनाशी झाली की मग प्रायमर. नळीच्या खाचेत पातळ लांबी (पुट्टी) भरायची. फिन आणि नळीच्या सांध्यात गोंदाची गोलसर कड ओढायची. तिनं सांधा बळकट होतो आणि हवाही सुरळीत वाहते. स्टिकर पाण्यात भिजवून सरकवायचे, शेवटी पारदर्शक थर. घाई करणाऱ्याचं काम इथं लगेच उघडं पडतं.

आपल्याकडे किट मागवता येतं, पण इंजिन ही दारू असल्यानं ती 1884 च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येते, सहज मिळत नाही. त्याच्या जागी फटाक्याचा बाण बसवायचा विचारही करू नये. या छंदाचा जन्मच तसले प्रयोग थांबवायला झाला. त्यामुळे इथली बरीच यानं कपाटावर राहतात. तरी टोकातलं वजन भरावं, समतोल तपासावा, कारण उडू शकेल असं बांधणं हाच या किटचा मूळ हेतू. आणि रंगकाम नाशिकला दसऱ्यानंतर काढावं. पावसाळी दमट हवेत स्प्रेच्या रंगावर पांढरट झाक चढते आणि सगळं पुन्हा घासायला लागतं.