गाऊसचा नियम आणि गोलाबाहेरचा प्रभार
बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण विद्युत अभिवाह (पृष्ठभाग ओलांडणाऱ्या विद्युत क्षेत्राचे एकूण माप) केवळ आतील प्रभारावर ठरतो, हा गाऊसचा नियम. पण म्हणून बाहेरच्या प्रभाराचा पृष्ठभागावरील विद्युत क्षेत्राशी संबंधच नसतो, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. बाहेरचा प्रभार त्या क्षेत्रात भर घालतोच. मात्र त्याच्या जितक्या बलरेषा (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा) आत शिरतात तितक्याच बाहेर पडतात, म्हणून त्याचा एकूण अभिवाह शून्य भरतो. एकट्या, समान प्रभारित गोलाबाहेर, केंद्रापासून ३० सेंमीवर क्षेत्र १००० न्यूटन प्रति कूलोम असेल, तर १००० ला ०.३ मीटरच्या वर्गाने गुणून येणाऱ्या ९० ला सुमारे ९०० कोटींनी (कूलोमचा स्थिरांक) भागले की प्रभार १० नॅनोकूलोम मिळतो. गोलाची त्रिज्या इथे लागतच नाही. शेजारी दुसरा प्रभारित गोल आला की सममिती, म्हणजे क्षेत्राचा सर्व दिशांना असलेला सारखेपणा, मोडते. नियम खराच राहतो, पण एका बिंदूवरील मोजमापावरून प्रभार काढण्याची ही सोपी वाट बंद होते.