मांडवीवरचे पूल: पार्श्वभूमी

पणजीहून रायबंदरकडे जाताना आपण पुलावरून चाललोय, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी, मधून सरळ रस्ता. कठड्यावरून वाकून पाहिलं, तर जांभ्याच्या कमानींतून भरतीचं पाणी आत शिरताना दिसतं. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ मध्ये बांधलेला हा पूल सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. आजही त्यावरून गाड्या धावतात.

गंमत म्हणजे हा पूल नदी ओलांडत नाही, कडेकडेने जातो. साडेचारशे वर्षांच्या राजवटीत पोर्तुगिजांनी पणजीसमोर मांडवीवर आडवा पूल घातलाच नाही. राजधानी आधी जुन्या गोव्यात, १८४३ पासून पणजीत. दोन्हीकडची ये-जा पाण्यावरची. मुखाशी आग्वाद, जरा आत रेइश मागुश, हे किल्ले गलबतांवर नजर ठेवून. शिवाय नदी म्हणजे फुकटचा खंदकच. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुन्या गोव्यासमोरच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा त्यांच्यात आणि जुन्या गोव्यात उरलं होतं ते हे पाणीच. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्य पणजीसमोरच्या काठावर बेतीला पोचलं, तेही काठावर थांबलं आणि दुसऱ्या सकाळी होड्यांतून पणजीत उतरलं.

आडवा पूल आला तो मुक्तीनंतर, १९७० च्या सुमारास. म्हापशाची वाट मोकळी झाली. मोटारलाँचला ‘गॅसोलिन’ म्हणणाऱ्या पिढीला ते नवलच होतं. पण ५ जुलै १९८६ ला, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला. माणसं दगावली. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. सोळा-सतरा वर्षं एवढंच त्याचं आयुष्य! बाजूचा लिन्यारिशचा पूल मात्र साडेतीनशे वर्षं ओलांडून उभाच होता. अर्थात तुलना सरळ नाही. तो उथळ खाजणातला, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतला, हा खोल पात्रातला आणि खालून खनिजाचे बार्ज, म्हणजे सपाट मालबोटी, जाणार. फेरीबोटींवर पुन्हा गर्दी उसळली.

१९९० च्या दशकात दोन पूल झाले. त्या दोघांच्या मधून, त्यांच्याही वरून जाणारा ५.१ किलोमीटरचा, केबलांनी तोललेला अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकींना मनाई; गोव्यात, जिथे घरटी स्कूटर! स्कूटरवाले खालच्या पुलांवरून जातात, नाहीतर बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघतात.