गाडी स्लोवर लंगडते म्हणून जोरात पळते?

उद्यमनगरात गॅरेजसमोर एखादी गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, 'धड-धड... धड' करत उभी राहिली की चार पोरं जमतातच. 'नाद खुळा!' त्यांच्या लेखी तो आवाज म्हणजे ताकद. खरं तर त्या घडीला इंजिन चक्क मिसिंग करत असतं, म्हणजे आतलं पेट्रोल दर वेळी नीट पेटत नसतं.

शर्यतीच्या गाडीत हा आवाज कुणी हौसेनं घालत नाही. तो येतो कॅमशाफ्टमुळे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यामुळे. व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमचे उंचवटे ठरवतात. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आतच हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागतो. दोन्ही उघडे असण्याच्या या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. शर्यतीच्या कॅममध्ये तो बराच जास्त असतो. सहा-सात हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे तेवढे फेरे) वेगानं बाहेर पडणारा धूर मागे कमी दाब सोडतो आणि ताजी हवा आत खेचतो. सिलिंडर चांगला भरतो, ताकद वाढते.

स्लोवर सगळं उलटं होतं. 800 आरपीएमला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश. एक्झॉस्टकडे मात्र बाहेरच्या हवेइतका. मग दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना जळका वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो. पेट्रोल-हवेत त्याची भेसळ झाली की ठिणगी पडूनही जाळ नीट धरत नाही. ती फेरी वाया गेली की आत जळका वायू कमी उरतो, म्हणून पुढची फेरी जोरात पेटते. एक फुसकी, एक दणक्यात, तीही ठरावीक क्रमानं नाही. शिवाय मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो आणि त्यावरच चालणारा, ब्रेकला जोर देणारा ब्रेक बूस्टर कमी पडून पेडल कडक लागतं.

आता हा आवाज कॅम न बदलताही मिळतो. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, मॅपमध्ये (सेटिंगमध्ये) स्लोचा आरपीएम खाली आणायचा, ठिणगीचं टायमिंग मागे-पुढे करत राहायचं, पेट्रोल थोडं जास्त सोडायचं. झालं. ताकद रतीभरही वाढत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. स्लो फार खाली नेला तर ऑइलचा दाबही घटतो. बुलेटचा ठेका मोजून ऐकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

बरं, एवढं करूनही चार सिलिंडरच्या गाडीतून अमेरिकन व्ही-8 ची (V आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या इंजिनाची) गुरगुर निघत नाही. चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दर 180 अंशांना एक स्फोट, अगदी समान अंतरानं. त्या व्ही-8 मध्ये प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट विषम अंतरानं होतात, गुरगुर त्यातून येते. ती क्रँकशाफ्टच्या घडणीतच असते, लॅपटॉप लावून आणता येत नाही.

एकच कॅम स्लोवरही आणि वरही नीट चालत नाही, हा पेच कंपन्यांनी वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. होंडानं 1989 मध्ये आणलेल्या व्हीटेकमध्ये कमी आणि जास्त आरपीएमसाठी कॅमचे वेगवेगळे उंचवटे आहेत. आज अनेक गाड्या चालता चालता व्हॉल्व्हचं टायमिंग सरकवतात. म्हणून त्या स्लोवर शांत असतात आणि वर जोरात ओढतात.

आणि कुणी खरोखरच शर्यतीचा कॅम बसवलाच, तर पन्हाळ्याच्या चढाला काय होईल? तिथे गाडी दोन-अडीच हजार आरपीएमवर ओढावी लागते, आणि मोठ्या कॅमचं इंजिन नेमकं तिथेच दम टाकतं.