उष्टा चमचा आणि पातळ झालेलं सूप

रविवारी आमच्याकडे कोंबडी होते आणि सोमवारी तिचं सूप. रस्सा करण्याआधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोंबडी शिजवली की त्या अळणीतले चार-सहा तुकडे मी आधीच बाजूला काढून ठेवते. एकदा मसाल्यात गेले की त्यांचं सूप होत नाही, पातळ रस्साच होतो. परवा या सूपचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत एका काकूंचा निरोप आला, "अगं, चिकनमध्ये दूध? कोड फुटतं अंगावर!" त्याखाली तेच सांगणारा, सतरा ठिकाणी फिरून आलेला लांबलचक फॉरवर्ड.

आधी कोडाचं बोलून घेते. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर आपल्याच शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चुकून हल्ला करते, त्या पेशी मरतात आणि तिथे पांढरा डाग पडतो. कोड म्हणजे एवढंच. त्याचा दूध-मासे, दूध-कोंबडी एकत्र खाण्याशी संबंध नाही, आणि ते शिवल्याने पसरतही नाही. पोटातलं आम्ल दुधाला तसंही फाडतंच. मग दुधाची प्रथिनं असोत की कोंबडीची, पुढे दोन्हींचे तुकडे होऊन अमिनो आम्लंच उरतात. बटर चिकन आणि मलई कबाब पिढ्यानपिढ्या खाणाऱ्यांच्या अंगावर डाग शोधायला गेलात तर फार तर लोण्याचे सापडतील.

पण फोटोतल्या त्या सूपचं खरं दुखणं वेगळंच होतं. सोमवारी रात्री ते छान पळीवाढं होतं. उरलेलं अर्धा लिटरभर सूप मंगळवारी सकाळी फ्रीजमधून काढलं तर ताकासारखं पातळ! स्टार्चने दाट केलेला पदार्थ गार झाला की आणखी घट्ट होतो. फ्रीजमधलं पिठलं आठवा, सुरीने वड्या पडतात. कधीकधी वर पाणी सुटतं, पण मग खाली गोळा बसलेला असतो. इथे गोळा नव्हता, वेगळं पाणी नव्हतं, सगळं सारखंच पातळ. दाटपणा रातोरात गेला कुठे?

त्यासाठी दाटपणा येतो कुठून ते पाहावं लागेल. नाव 'क्रीम सूप' असलं तरी दाटपणात क्रीमचा वाटा जवळजवळ नाही. बाजारातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. लिटरभर सूपमध्ये त्याचे चार चमचे घातले तर रंग पांढुरका होतो आणि जिभेला गुळगुळीत लागतं, बस्स. तो पांढरेपणासुद्धा स्निग्धांशाच्या बारीक थेंबांनी प्रकाश सगळीकडे विखुरल्यामुळे दिसतो. कोल्हापूरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाने पांढरा दिसतो, त्याचंही कारण हेच.

थोडं श्रेय हाडांना द्यायला हवं. तुकड्यांची हाडं आणि सांध्यांची टोकं मंद आचेवर दोन तास उकळली की त्यांतलं कोलॅजेन सुटतं. कोलॅजेनच्या तीन साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींत वळलेल्या असतात. उष्णतेने पीळ सुटला की त्याचं जिलेटिन होतं, आणि असं पाणी फ्रीजमध्ये ठेवलं की थलथलीत जमतं. गावठी कोंबडीचं जास्त जमतं, कारण ब्रॉयलर बिचारी पाच-सहा आठवड्यांची असते. पण जिलेटिनची ही जेली तीसेक अंशांच्या वर गेली की वितळते, म्हणजे गरम सूपमध्ये तिचा आधार नाहीच. (हाडांचं पाणी पिऊन गुडघ्यातली कूर्चा भरून येते, असं सांगून त्याच्या महागड्या पुड्या हल्ली विकतात. पोटात कोलॅजेनचेही तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांवर 'गुडघा' असा पत्ता लिहिलेला नसतो.)

दाटपणाचं खरं काम करतो तो चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर, म्हणजे स्टार्च. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव या गोष्टीवर आहे.

उन्हाळ्यात घरी कुरडया घातलेल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे सगळं ठाऊकच आहे. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, पिळून काढलेला चीक पातेल्यात आधणाच्या पाण्यात पडतो तेव्हा दुधासारखा पांढरा असतो. आई लाकडी दांड्याने घोटत असते, आपण पाहत असतो, आणि एका क्षणी पांढरा रंग जाऊन चीक पारदर्शक, काचेसारखा दिसू लागतो. दांडा जड होतो. "आला गं चीक," असं म्हणत ती वाटीभर दूध-साखर घालून पोरांना देते. तो जो 'आला' म्हणायचा क्षण, त्याला रसायनशास्त्रात जिलेटिनायझेशन म्हणतात. नावावरून फसू नका, वर सांगितलेल्या जिलेटिनशी त्याचा काही संबंध नाही.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. त्यांतली अमायलोज जवळपास सरळ आणि अमायलोपेक्टिन झाडासारखी फांद्या फुटलेली. गव्हाच्या किंवा मक्याच्या स्टार्चमध्ये पहिली साधारण 25 टक्के, दुसरी 75 टक्के. वनस्पती या साखळ्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरावर थर रचून त्यांचे कण बनवते. तांदळाचे कण 3 ते 8 मायक्रॉनचे, मक्याचे सरासरी 15चे, बटाट्याचे शंभरापर्यंत जाणारे. केसाची जाडी 70 मायक्रॉन धरा. मी हिशेब मांडून पाहिला : 8 ग्रॅम कॉर्नफ्लोअरमध्ये अंदाजे 3 अब्ज कण येतात.

या थरांमध्ये काही भागांत साखळ्या शिस्तीत, स्फटिकासारख्या उभ्या असतात. त्यामुळे एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझर फिल्ममध्ये (एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश पलीकडे जाऊ देणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक कणावर चमकता चौफुला दिसतो. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्म त्यासाठी चालते. मी विद्यार्थ्यांना हे दाखवते तेव्हा दरवर्षी कुणीतरी "मॅडम, हे मोबाईलवर घेऊ का?" विचारतंच. थंड पाण्यात कण नुसते ओले होतात, चौफुला तसाच राहतो. तापमान 60 ते 70 अंशांच्या घरात गेलं की पाण्याचे रेणू त्या शिस्तीच्या भागांतही शिरतात, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि चौफुले एकेक करून विझतात. कण फुगायला लागतो तो मूळ आकारमानाच्या कितीतरी पट. अमायलोज बाहेर झिरपतं, अमायलोपेक्टिन आत राहून पाणी धरून ठेवतं.

आता दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या अशी कल्पना करा. माणसं तेवढीच, पूल तेवढाच, पण कुणाला हलता येत नाही. सूप दाट होतं ते असं. फुगलेल्या कणांना एकमेकांच्या बाजूने सरकायला जागा उरत नाही आणि मधल्या पाण्यात अमायलोजच्या साखळ्या अडथळे घालत असतात.

गुठळ्याही यातूनच समजतात. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गोळ्याचं बाहेरचं आवरण क्षणात शिजून चिकट होतं, आणि आत पाणी जायचा रस्ताच बंद. आतलं पीठ कोरडंच राहतं. पिठल्याची गुठळी फोडून पाहा. म्हणून कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घालायचं. मैद्याच्या बाबतीत फ्रेंच स्वयंपाकी 'रू' करतात, म्हणजे आधी लोण्यात मैदा परततात. लोणी कणांना एकमेकांपासून सुटं ठेवतं आणि कच्चा वासही जातो. लिटरभर सूपला 40 ग्रॅम लोणी, 40 ग्रॅम मैदा पुरतो. मात्र मैदा लाल होईपर्यंत परतू नका. कोरड्या उष्णतेने साखळ्या तुटतात, वास खमंग येतो पण दाटपणा कमी पडतो. कॉर्नफ्लोअर जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने निम्मंच लागतं.

बाकीची कृती पटकन सांगते. उरलेलं गाजर, फ्लॉवर, फरसबी, काल उकडलेला एखादा बटाटा रूमध्ये परतायचा, हाडांचं पाणी थोडं थोडं ओतत ढवळायचं, पाच-सात मिनिटं उकळायचं. अर्ध्या भाज्या मिक्सरमधून काढायच्या, पण बटाटा त्यात घालू नका. पात्यांनी फुगलेले कण फुटले की आतलं सगळं बाहेर येतं आणि पुस्तकं चिकटवायची खळ तयार होते. कोंबडीचे तुकडे शेवटी, नुसते गरम होण्यापुरते. ते एकदा शिजलेलेच आहेत, पुन्हा शिजवलेत तर सुतासारखे होतील. दूध-क्रीम आच मंद केल्यावर. टोमॅटो असेल तर दूध फाटायची भीती असते, कारण आम्लात दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना बिलगतात. स्टार्च आधीच शिजलेला असेल तर तो त्यांच्या मध्ये येतो. कढीला बेसन लावतात ते केवळ दाटपणासाठी नव्हे.

परत मंगळवारच्या सकाळकडे.

रात्री सूप उरलं तेव्हा पातेलं कोमट होईपर्यंत मी ओट्यावर ठेवलं होतं. यातही एक धोका आहे : क्लोस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास भराभर वाढतात. मोठं पातेलं रात्रभर बाहेर राहिलं तर पोट बिघडतं ते यामुळेही, आणि दोष मात्र जातो शिळ्या अन्नाच्या 'तामसी' गुणाला. सूप उथळ भांड्यात ओतून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकावं आणि खाताना वाफाळेपर्यंत गरम करावं. माझं पाऊण तासात आत गेलं होतं, वासही ठीक होता. जिवाणूंवर संशय घ्यायला जागा नव्हती.

मग आठवला शाळेतला प्रयोग. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकलं की निळं होतं, आणि त्यात लाळ मिसळून थोड्या वेळाने आयोडीन टाकलं तर होत नाही. लाळेतलं अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्चच्या साखळ्या मधूनच कापत जातं. 1833 साली फ्रान्समध्ये अन्सेल्म पायेन आणि झाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या जवातून याच कामाचं विकर वेगळं काढलं होतं, कुणीही वेगळं काढलेलं ते पहिलं विकर. उकळत्या सूपमध्ये उष्टा चमचा बुडाला तर अमायलेज उष्णतेने निकामी होतं. पण सूप कोमट असेल तर त्याला हवं तसंच तापमान मिळतं. एकेक रेणू हजारो बंध तोडत जातो, तो स्वतः संपत नाही, आणि फ्रीजमध्येही सावकाश का होईना चालू राहतो. कच्च्या, न फुगलेल्या कणांवर त्याची मात्रा फार चालत नाही. चीक 'आला' की मात्र दारं उघडी.

खात्री करायला मी दोन वाट्यांत कॉर्नफ्लोअरची दाट पेज केली. कोमट झाल्यावर एकीत स्वच्छ चमचा फिरवला, दुसरीत नुकताच चाटलेला. अर्ध्या तासाने दोन्ही वाट्या तिरक्या केल्या. पहिली जागची हलेना, दुसरी पाण्यासारखी ओघळली. जखमेवर लावायच्या आयोडीनचा थेंब दोन्हींत टाकला : पहिलीत काळानिळा, दुसरीत लालसर तपकिरी. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. "उष्टा चमचा भांड्यात घालू नये हे सांगायला एवढा खटाटोप?" त्यांनी विचारलं. "अहो आई, कारण कळलं ना आता," म्हटलं, तर त्या हसून आत गेल्या.

संध्याकाळी चिरंजीव क्लासहून आले तेव्हा दोन्ही वाट्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्याने आधी आयोडीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीनच चमचे घेतले होते," तो म्हणाला, "आणि तेही झाकण लगेच ठेवून."