एल निनोचे निरीक्षण आणि विचलनमापन

विषुववृत्तीय पॅसिफिक महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान, पाण्याखालचा उष्णतेचा साठा, व्यापारी वारे, हवेचा दाब आणि ढगांचे आच्छादन यांची अखंड नोंद ठेवून ही मापे त्या त्या महिन्याच्या सरासरीपासून किती ढळली आहेत हे ठरवण्याच्या कामास एल निनो–दक्षिणी दोलनाचे निरीक्षण म्हणतात. अशा ढळण्याला विचलन ही संज्ञा आहे. पाणी नेहमीपेक्षा तापल्यास एल निनो आणि गार पडल्यास ला निना संभवतो.

नुसत्या तापमानावरून यातले काहीच ठरत नाही. निरीक्षणाचा मुख्य पट्टा निनो ३.४ या नावाने ओळखला जातो आणि तो ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण अक्षांश व १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश यांच्या दरम्यान पसरलेला आहे. तेथील पाण्याचे सरासरी तापमान मे महिन्यात सुमारे २८ अंश सेल्सिअस, तर डिसेंबरात सुमारे साडेसव्वीस अंश असते. म्हणून मेमध्ये २८ अंशांची नोंद झाली तर त्यात विशेष काही नाही. तीच नोंद डिसेंबरात झाली, तर जवळपास दीड अंशाचे धन विचलन दिसते आणि ती एल निनोची ठळक खूण ठरते. अमेरिकी हवामान संस्थेच्या रूढ निर्देशांकात तीन महिन्यांची सरती सरासरी घेतात आणि ती सलग पाच वेळा अर्धा अंश किंवा त्याहून जास्त भरली, तरच एल निनोची घटना धरतात. ज्या तीस वर्षांशी ही तुलना होते तो काळही दर पाच वर्षांनी पुढे सरकवला जातो, कारण समुद्रच हळूहळू तापत असल्याने जुनी सरासरी कायम ठेवली, तर साधे वर्षही एल निनोचे वाटू लागेल.

वातावरणाकडून या विषयाची सुरुवात भारतातच झाली. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा मार्ग शोधत असताना त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा खाली-वर होताना आढळला; या हालचालीला त्यांनी दक्षिणी दोलन हे नाव दिले. पॅसिफिकमधील ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर येथील दाबांच्या फरकावरून आजही त्याचा निर्देशांक काढतात. समुद्राचे तापणे आणि हे दोलन यांची सांगड मात्र हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात घातली.

सरासरीवर आंधळा विश्वास ठेवल्यास काय होते, ते १९८२ मध्ये दिसले. त्या वर्षी मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि उंचावर पसरलेल्या सूक्ष्म कणांमुळे उपग्रहांना समुद्र प्रत्यक्षापेक्षा गार दिसू लागला. जहाजांवरून येणारी तापमाने नेहमीपेक्षा इतकी वेगळी होती, की त्यातली काही चुकीची समजून वगळली गेली. विसाव्या शतकातील अत्यंत तीव्र एल निनोंपैकी एक अशा प्रकारे बराच वाढेपर्यंत ध्यानातच आला नाही.

त्यानंतर १९८५ ते १९९४ या दशकात पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे सत्तर बोये, म्हणजे उपकरणे वाहणारे तरंगते संच, नांगरण्यात आले. प्रत्येक बोयावर वारा, हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे असतात, तर खाली सोडलेल्या तारेवरचे तापमापक पाचशे मीटर खोलीपर्यंतची नोंद उपग्रहामार्फत पाठवतात. तरत्या वस्तूच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे मच्छीमार येतात, बोयाला होडी बांधली जाते आणि कधी तार तुटते, कधी उपकरणेच नाहीशी होतात. देखभालीची जहाजफेरीही तितकीच महत्त्वाची आहे. २०१२ नंतर ती कमी झाली तेव्हा बोयांकडून येणारी माहिती निम्म्याहून खाली घसरली. आर्गो प्रकल्पाचे, दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येणारे तरंगक आता या जाळ्याला मोठा आधार देतात.

पाण्याखालच्या नोंदींना इतके मोल असण्याचे कारण असे, की पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे मंदावले की त्यांनी पश्चिमेकडे साचवलेले उष्ण पाणी केल्व्हिन लाटेच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या कडेने पाण्याखालून पुढे जाणाऱ्या संथ लाटेच्या रूपाने पूर्वेकडे सरकते आणि ही लाट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला पोहोचायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. पृष्ठभागावर काहीही दिसत नसताना खोलवरचे विचलन आगाऊ सूचना देते. तरीही मार्च ते मे या काळात केलेले अंदाज वर्षातील सर्वांत कच्चे असतात, आणि मोसमी पावसाची आखणी भारताला नेमकी त्याच वेळी करावी लागते.

हिंदी महासागरात २००४ पासून बोयांचे असेच जाळे उभारले गेले. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या हिंद महासागर द्विध्रुवासाठी, म्हणजे या महासागराचे एक टोक तापून दुसरे गार पडण्याच्या घटनेसाठी, तेथील पश्चिम आणि पूर्व भागांच्या विचलनांतील फरक पाहतात. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून एल निनो आणि द्विध्रुव या दोहोंविषयीची माहितीपत्रके प्रसिद्ध होतात. एकट्या पॅसिफिकच्या आकड्यावरून पाऊस सांगता येत नाही: १९९७ चा एल निनो अतितीव्र असूनही भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या सुमारे १०२ टक्के झाला, तर २००२ मध्ये मध्यम एल निनो असताना तो ८१ टक्क्यांवर आला. १९९७ मध्ये पॅसिफिकच्या पूर्व टोकाला तापमान सर्वाधिक वाढले होते, २००२ मध्ये मध्यभागी. म्हणूनच विचलन किती आहे याच्या जोडीने ते कोठे आहे, याचीही नोंद आता काळजीपूर्वक ठेवली जाते.