चपट्या पिना, गोल भोकं: परदेशी वस्तू आणि आपला बोर्ड

गल्फहून आलेली इस्त्री, अमेरिकेतल्या मुलीनं आणलेला हेअर ड्रायर आणि आठवडी बाजारातला चायना चार्जर. विदर्भातल्या एकाच घरात हे तिन्ही सापडू लागले त्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९९१ नंतर आयात हळूहळू सुटत गेली, २००१ मध्ये उरलेली बंधनं उठली, आणि त्यानंतर खेड्यातही मोबाइल पोचला. तोवर खेड्यात परदेशी वस्तू म्हणजे कोणाच्या तरी बॅगेतून आलेली नवलाई.

आपल्या बोर्डावरची तीन गोल भोकं इंग्रजांच्या १९३४ च्या मानकातली. ५ आणि १५ अँपिअर, लहान आणि मोठी. पुढे भारतीय मानकात ते आकडे ६ आणि १६ झाले, घडण तीच राहिली. खुद्द इंग्लंडनं मात्र १९४७ मध्ये वाट बदलली. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती. घरभर एकच तार फिरवून परत बोर्डावर आणायची, म्हणजे तांबं कमी लागतं, असं ठरलं. पण अशा फेरीचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा, तो वस्तूच्या बारीक वायरला काय वाचवणार? म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटातच फ्यूज घातला. चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग तो हाच, आणि दुबई, कतार, कुवेतमध्ये आज तोच चालतो.

भारतानंही तेव्हाच बदलायला हवं होतं, असं म्हणणारे आजही भेटतात. ते मला पटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गावांत वीज पोचली ती १९६० नंतर, आणि घरात असायचा एक बल्ब, फार तर पंखा. किटकॅटमधली, म्हणजे बोर्डावरच्या चिनी मातीच्या फ्यूजमधली, जळालेली तार बदलताना हाताला लागेल ती जाड तार गुंडाळणारे आपण. प्लगमधला इवलासा फ्यूज उडाला असता तर तालुक्याला कोण गेलं असतं? सिगारेटच्या पाकिटातली पन्नी गुंडाळून काम भागवलं असतं. फ्यूजवाला प्लग तिथे नुसता शोभेचा ठरला असता.

मग चौकोनी पिना गोल भोकांत बसवायच्या कशा, तर ‘सगळे प्लग चालतात’ अशा मल्टीप्लगनं. गोंधळ खरा इथून सुरू होतो. आपल्या लहान थ्री-पिनच्या दोन पिनांत १९ मिलिमीटर अंतर, चौकोनी प्लगच्या दोन पिनांत २२. दोन्ही बसायला हवेत म्हणून भोक ऐसपैस ठेवावं लागतं, आणि आतली पितळी पट्टी कुठलीच पिन नीट आवळत नाही. २००० वॅटची किटली लावली की साडेआठ अँपिअरवर ओढ, तीही ६ अँपिअरच्या पॉइंटवर. आधी चुरचुर आवाज येतो, मग भोकाच्या कडेला तपकिरी डाग, मग जळक्या प्लास्टिकचा वास. आणि मल्टीप्लग पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही.

चपट्या दोन पिना तर सगळ्यांत फसव्या. अमेरिकेत त्यांत १२० व्होल्ट असतात, जपानमध्ये १००, चीनमध्ये २२०. म्हणजे पिन बघून काही कळत नाही. चार्जरवर बारीक अक्षरात १००–२४० लिहिलेलं असेल तर चिंता नाही. पण फक्त १२० व्होल्टचा ड्रायर आपल्या २३० वर लावला तर त्याची कॉइल जवळजवळ चौपट वॅट ओढते आणि क्षणात जाते. सौदीचा मामला आणखी वेगळा: तिथे १२७ आणि २२० अशी दोन्ही व्होल्टेज चालत. २३० वर जायचं ठरलं ते २०१० मध्ये, टप्प्याटप्प्यानं. तिथून आलेल्या जुन्या इस्त्रीवरची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय बटन दाबू नये.

१९८६ मध्ये साऱ्या जगासाठी एकच प्लग सुचवला गेला होता. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेनं तो थोड्या फरकानं घेतला, आपण नाही. विदर्भापुरतं बोलायचं तर त्यानं फार बिघडलं नाही, कारण आपली दुखरी जागा तिसरी पिन, म्हणजे अर्थ, आहे. अर्थिंगचा पाइप पुरला, कोळसा-मीठ टाकलं, झालं काम. पण मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, पाइपापासून माती सुटते, आणि खड्ड्यात पाणी ओतायची आठवण कोणाला राहत नाही. त्यात पत्र्याचा कूलर टू-पिनवर, म्हणजे अर्थच नाही. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि तो कूलर काही परदेशातून आलेला नसतो.

हल्ली गावचे वायरमन सरळ मूळ प्लग कापून देशी थ्री-पिन टॉप लावून देतात. वस्तू २३० व्होल्टची असेल तर मल्टीप्लगपेक्षा हे केव्हाही बरं. फक्त तारांचे रंग बघायचे. आपल्या जुन्या सवयीत लाल म्हणजे फेज (करंट आणणारी) आणि काळी म्हणजे न्यूट्रल (परत नेणारी). अमेरिकेच्या तीन तारांच्या केबलमध्ये काळीच फेज असते, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. काळी न्यूट्रलला जोडली तरी वस्तू चालते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. पण मग वस्तूवरचं बटन न्यूट्रल तोडतं, आणि बंद केल्यावरही आत फेज येतच राहतो.