सुरक्षा घटनांना स्वयंचलित प्रतिसाद : क्लाउडमधील दोषशोधन

क्लाउडवरील व्यवस्थेत घुसखोरी, चोरलेल्या किल्ल्यांचा (प्रवेशाच्या गुप्त डिजिटल संकेतांचा) वापर किंवा नको तो पोर्ट (नेटवर्कवरचे दार) उघडा राहणे अशी घटना टिपली गेली, की माणसाची वाट न पाहता यंत्रणेने स्वतःच उचललेले पाऊल म्हणजे स्वयंचलित प्रतिसाद. ते पाऊल पडलेच नाही, अर्धवट पडले, भलतीकडे पडले किंवा पडूनही धोका टळला नाही, तर त्याचे कारण शोधून काढणे हा या नोंदीचा विषय. नेहमीच्या सेवेत बिघाड झाला की वापरकर्ते फोन करतात. इथे फोन करणारे कोणी नसते. प्रतिसादाचा रूल (कोणती घटना दिसली की काय करायचे, हे सांगणारा नियम) कित्येक महिने मेलेला असला तरी डॅशबोर्ड हिरवागार दिसतो आणि पहिली खबर बहुधा प्रत्यक्ष घुसखोरीच्या दिवशीच लागते.

पुढील विवेचन मुख्यतः अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस म्हणजे एडब्ल्यूएसच्या साखळीवर आधारलेले आहे. या साखळीत गार्डड्यूटी ही सेवा (२०१७ अखेरीस सुरू) लॉग चाळून संशयास्पद हालचालीची फाइंडिंग, म्हणजे इशारावजा नोंद, काढते. इव्हेंटब्रिज (२०१९, त्याआधी क्लाउडवॉच इव्हेंट्स) ती फाइंडिंग रूलशी जुळवून पुढे ढकलते आणि लॅम्डा फंक्शन (घटना आली की चालणारा छोटा प्रोग्रॅम) प्रत्यक्ष कारवाई करते. शोध घेताना साखळी डोक्यापासून शेपटाकडे तपासावी, की उलट, यावर मतभेद आहेत. व्यवहारात सोयीचे पडते ते असे : प्रत्येक कडीने आपले काम केल्याचा पुरावा मागायचा आणि शेवटचा पुरावा जिथे मिळतो तिथून पुढे खणायचे.

घटना रूलपर्यंत न पोहोचणे. सर्वांत जास्त वेळ खाणारे कारण म्हणजे रिजन, अर्थात क्लाउडची डेटा सेंटर जिथे आहेत तो भौगोलिक विभाग. गार्डड्यूटी आणि इव्हेंटब्रिज दोन्ही रिजनपुरत्या चालतात. पण आयएएमसारख्या (वापरकर्ते आणि परवानग्या सांभाळणारी सेवा) जागतिक सेवांच्या घटना उत्तर व्हर्जिनिया रिजनमध्ये नोंदल्या जातात. २०१६ पासून मुंबई रिजन उपलब्ध असल्याने इथल्या अनेक संस्थांचे सगळे सर्व्हर मुंबईत असतात आणि ‘नवी अ‍ॅक्सेस की तयार झाली की कळव’ हा रूलही साहजिकच मुंबईत लिहिला जातो. रूलमध्ये चूक नसते, तो चालूही असतो, पण त्याच्यासमोर ती घटना कधी येतच नाही. शिवाय अशा एपीआय घटना (सेवांना प्रोग्रॅमद्वारे दिलेल्या हाका) इव्हेंटब्रिजला मिळायच्या, तर क्लाउडट्रेलचा (अशा हाकांची नोंद ठेवणाऱ्या सेवेचा) ट्रेल चालू असावा लागतो.

दुसरे कारण आकड्यांत दडलेले असते. गार्डड्यूटीच्या फाइंडिंगला तीव्रतेचा अंक असतो. ७ ते ८.९ म्हणजे उच्च. इव्हेंटब्रिज साध्या जुळणीत अंकाचा अर्थ पाहत नाही, तो कसा लिहिला आहे ते पाहते. त्यामुळे तिच्या दृष्टीने ३०० आणि ३००.० वेगळे. ‘तीव्रता ७ किंवा ८’ असा रूल लिहिला तर ७.५ ची फाइंडिंग बाजूने निघून जाते. जुन्या रूलमध्ये ४, ४.०, ४.१, ४.२ अशी लांबलचक यादी दिसते ती याचमुळे. आता ‘७ किंवा त्याहून अधिक’ असे अंकीय तुलनेचे रूप वापरता येते आणि तेच वापरावे.

फाइंडिंग कन्सोलवर दिसते पण प्रतिसाद नाही, अशी तक्रार आली तर ती सप्रेशन रूलने (ठरावीक फाइंडिंग दडपणाऱ्या नियमाने) आपोआप अर्काइव्ह झाली आहे का ते आधी पाहावे. अशा फाइंडिंग इव्हेंटब्रिजकडे जातच नाहीत. तीच हालचाल पुन्हा घडली, तर नवी फाइंडिंग न निघता जुनीच अद्ययावत होते आणि त्याची सूचना पूर्वनिर्धारित सेटिंगनुसार ६ तासांनी जाते. ही मुदत १५ मिनिटांवर आणता येते. ती का आणली जात नाही, हे कोडेच आहे.

क्लाउडवॉच (मोजमापांवर नजर ठेवणारी सेवा) अलार्मवर उभारलेल्या प्रतिसादात निराळा सापळा असतो. अलार्मची कारवाई सामान्यतः स्थिती बदलते त्या क्षणी होते. अलार्म कालपासून लालच असेल, तर आजच्या हल्ल्याने स्थिती बदलत नाही आणि काहीच घडत नाही. एन्क्रिप्ट केलेल्या एसएनएस टॉपिकला (सूचना वाटणाऱ्या सेवेतील वाहिनीला) एडब्ल्यूएसचीच पूर्वनिर्धारित एन्क्रिप्शन किल्ली लावली असेल, तर अलार्मला तिथे संदेश टाकता येत नाही. स्वतःची किल्ली करून तिच्या पॉलिसीत (परवानग्यांच्या नियमावलीत) क्लाउडवॉचला परवानगी द्यावी लागते.

रूल जुळला, पण काम झाले नाही. इथे इव्हेंटब्रिजची मोजमापे उपयोगी पडतात. ‘इन्व्होकेशन्स’ (किती वेळा बोलावले) वाढते आहे आणि ‘फेल्ड इन्व्होकेशन्स’ही (त्यांतली किती बोलावणी फसली) वाढते आहे, तर दोष बहुधा परवानगीचा. कन्सोलवरून रूल केला तर लॅम्डाला बोलावण्याची परवानगी आपसूक जोडली जाते. कमांड लाइनवरून किंवा टेम्प्लेटमधून केला तर ती स्वतः लिहावी लागते, आणि नेमकी तीच ओळ राहते. ‘फेल्ड इन्व्होकेशन्स’ शून्य असेल, तर लॅम्डाच्या लॉगकडे वळावे. फंक्शनची पूर्वनिर्धारित कालमर्यादा ३ सेकंदांची असते. स्नॅपशॉट (डिस्कची प्रत) घेणे, टॅग लावणे, सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरचे नेटवर्क-नियम) बदलणे एवढी कामे तेवढ्यात उरकतीलच असे नाही. फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये ठेवले असून बाहेर जायला नॅट गेटवे किंवा एंडपॉइंट नसेल, तर एपीआयला हाक मारून ते नुसते थांबून राहते आणि लॉगमध्ये टाइमआउट उमटतो. कालमर्यादा वाढवणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

अपयशी ठरलेले असिंक्रोनस (बोलावणारा उत्तरासाठी थांबत नाही असे) काम लॅम्डा आणखी दोनदा करून पाहते आणि नंतर टाकून देते. डेड-लेटर क्यू (फसलेली कामे साठवणारी रांग) जोडलेली नसेल तर त्या फाइंडिंगचा मागमूस राहत नाही. सुरक्षेच्या प्रतिसादात ही रांग ऐच्छिक मानणे ही बेफिकिरी आहे. कारवाई नाकारली गेली असेल, तर क्लाउडट्रेलमध्ये फंक्शनच्या रोलच्या (ज्या ओळखीने त्याला परवानग्या मिळतात तिच्या) नावावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ शोधावे. रोलच्या पॉलिसीत परवानगी असूनही नकार आला, तर वर संस्थेच्या पातळीवरची सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी आडवी आलेली असू शकते.

काम झाले, पण धोका टळला नाही. दोषशोधनातील हा सर्वांत अवघड भाग, कारण इथे प्रत्येक लॉग ‘यशस्वी’ म्हणतो. संशयित सर्व्हर वेगळा पाडण्यासाठी त्याचा सिक्युरिटी ग्रुप काढून एकही दार नसलेला ग्रुप लावतात. पण सिक्युरिटी ग्रुप चालू जोडण्यांची आठवण ठेवतात. ग्रुप बदलल्यावर नव्या जोडण्या अडतात. आधीपासून चालू असलेली, माग ठेवलेली जोडणी लगेच तुटत नाही. हल्लेखोराचे रिमोट शेल (दुरून आज्ञा देण्याची खिडकी) उघडे असेल तर ते तसेच चालू राहते. निष्क्रिय टीसीपी जोडणीची मुदत बहुतेक इन्स्टन्स (आभासी सर्व्हर) प्रकारांत ५ दिवस होती, म्हणजे आपोआप तुटण्याची आशा नको. उपाय दोन. सबनेटच्या (नेटवर्कच्या एका भागाच्या) नेटवर्क एसीएलवर, म्हणजे त्या भागाच्या प्रवेश-नियमांच्या यादीवर, अडवणे. ती आठवण ठेवत नाही, पण शेजारच्या सर्व्हरनाही फटका बसतो. किंवा आधी दोन्ही दिशांना सर्वांसाठी खुला एकच नियम असलेला ग्रुप लावून जोडणी माग न ठेवलेली करायची आणि मग बंद ग्रुप लावायचा. दुसरा उपाय ऐकताना वेड्यासारखा वाटतो आणि मंजूर करून घेणे कठीण जाते, पण तो चालतो.

चोरलेल्या तात्पुरत्या किल्ल्यांचेही तसेच. सर्व्हरवरून रोल काढून घेतला म्हणजे आधी बाहेर गेलेल्या किल्ल्या रद्द होत नाहीत. त्या साधारण ६ तास चालतात. रोलवर ‘अमुक वेळेपूर्वी दिलेल्या सर्व टोकनना नकार’ अशी पॉलिसी चढवावी लागते. फंक्शनने रोल काढला, ‘यशस्वी’ लिहिले आणि तेवढ्यावर घटना बंद झाली, असे असेल तर फंक्शनचा कोड नव्हे, त्यामागचा विचार दुरुस्त करायला हवा.

ऑटो स्केलिंगमुळे (गरजेनुसार सर्व्हर आपोआप वाढवणे-घटवणे) तर पुरावाच जातो. वेगळा पाडलेला सर्व्हर आरोग्य-तपासणीत नापास ठरतो, स्केलिंग ग्रुप त्याला नष्ट करून नवा उभा करतो आणि मेमरीत होते ते कायमचे पुसले जाते. म्हणून आधी त्याला स्केलिंग ग्रुपमधून अलग करायचे, मग कोंडायचे. हा क्रम उलटा लिहिलेली फंक्शन्स सर्रास सापडतात.

प्रतिसादाचा अतिरेक. फंक्शनने सार्वजनिक झालेली बकेट (फाइल साठवण्याची जागा) पुन्हा खासगी केली, की तो बदलही क्लाउडट्रेलमध्ये उमटतो. रूल फार मोकळा असेल तर त्याच घटनेने फंक्शन पुन्हा जागे होते. फंक्शनचा स्वतःचा रोल रूलमधून वगळणे हा इलाज. टेराफॉर्मशी (लिहून ठेवलेल्या आराखड्यानुसार व्यवस्था उभारणारे साधन) होणारी रस्सीखेच याहून चिवट असते : फंक्शन नियम काढते, पुढच्या डिप्लॉयमेंटला टेराफॉर्म तो परत लावते, आणि दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर असतात. फंक्शनचे पुन्हा पुन्हा जागे होणे तातडीने थांबवायचे तर त्याची रिझर्व्ह्ड कन्करन्सी (एका वेळी किती प्रती चालाव्यात ती राखीव संख्या) शून्य करावी. रूल शोधत बसू नये.

आधारच डगमगणे. २५ नोव्हेंबर २०२० रोजी उत्तर व्हर्जिनियात कायनेसिस या डेटाप्रवाह हाताळणाऱ्या सेवेची क्षमता वाढवताना सर्व्हरवरील थ्रेडची संख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादेपलीकडे गेली आणि सेवा कोसळली. क्लाउडवॉच तिच्यावर अवलंबून होते. अनेक अलार्म ‘अपुरा डेटा’ या स्थितीत गेले. इव्हेंटब्रिजमध्ये विलंब झाला, लॅम्डालाही झळ बसली. म्हणजे टिपणारे, कळवणारे आणि कारवाई करणारे एकदमच अडचणीत. डेटा येणे बंद झाले तर अलार्मने काय समजावे, हे सेटिंग एरवी कोणी उघडूनही पाहत नाही. अशा दिवशी मात्र तेच निर्णायक ठरते.

इतर क्लाउडवर दोषांची जात तीच असते, नावे बदलतात. मायक्रोसॉफ्ट सेंटिनेल या सुरक्षा-देखरेख सेवेमध्ये प्लेबुक (प्रतिसादाच्या ठरवून ठेवलेल्या कृती) लॉजिक अ‍ॅप्सवर चालतात. प्लेबुक असलेल्या रिसोर्स ग्रुपवर सेंटिनेलला परवानगी दिलेली नसणे, किंवा जोडणी ज्या कर्मचाऱ्याच्या खात्याने अधिकृत केली तो नोकरी सोडून गेलेला असणे, ही तिथली नेहमीची कारणे. गूगल क्लाउडमध्ये पब-सब ही संदेश पोहोचवणारी सेवा एकच संदेश दोनदा देऊ शकते, म्हणून फंक्शन दुसऱ्यांदा चालले तरी नुकसान होणार नाही असे लिहावे लागते.

चाचणी. गार्डड्यूटीच्या नमुना फाइंडिंगमधील सर्व्हर खरे नसतात. त्यांच्यावर फंक्शन चालवले की ‘असा इन्स्टन्स नाही’ अशी चूक येते आणि बिघाड नसताना बिघाड दिसतो. साखळी जुळली आहे का, एवढेच त्यातून कळते. खरी परीक्षा घ्यायची तर चाचणीच्या सर्व्हरवरून एडब्ल्यूएसने त्यासाठी ठेवलेल्या डोमेनची डीएनएस विचारणा (नावावरून पत्ता शोधण्याची विनंती) करावी. मात्र सर्व्हर एडब्ल्यूएसचा स्वतःचा डीएनएस वापरत असेल तरच गार्डड्यूटीला ती दिसते.

भारतात या कामाला कायदेशीर घड्याळही लागलेले आहे. सर्ट-इन या भारताच्या सायबर-सुरक्षा प्रतिसाद संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. प्रतिसाद देणाऱ्या फंक्शनचे लॉग मात्र खर्च वाचवण्यासाठी बऱ्याचदा महिन्याभरात पुसायला लावलेले असतात. क्लाउडट्रेलची नोंद मागे उरते, त्यातून कोणती एपीआय हाक कधी गेली ते कळते. पण फंक्शनने ती हाक का दिली, किंवा दुसरी का दिली नाही, हे त्या पुसलेल्या लॉगमध्येच असते.